टोस्टरवर चालतं म्हणे!

सर्व्हरवर चालणारं कुठलंही मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्यायला जा. पहिल्या पानावर ऐटीत लिहिलेलं असतं की हे लिनक्सवर चालतं, बीएसडीवर चालतं, सोलारिसवर चालतं, मॅकवर चालतं आणि विंडोजवरही चालतं. शेवटच्या पानावर परवाना असतो. तिथे सगळी मोठी अक्षरं वापरून लिहिलेलं असतं की हे जसं आहे तसं आहे, ते चालेलच याची आम्ही कसलीही हमी देत नाही आणि काही बिघडलं तर आमच्याकडे येऊ नका. ही दोन्ही पानं एकाच मंडळींनी लिहिलेली असतात, बहुधा एकाच संध्याकाळी.

खरी गंमत मधल्या पानांत असते. 'रेडिस' नावाच्या प्रसिद्ध डेटाबेसच्या माहितीपत्रकात सोलारिस घराण्यातल्या यंत्रणांबद्दल लिहिलं आहे की तिथे ते कंपाइल होऊ शकेल, पण आमचा पाठिंबा जमेल तेवढाच. लग्नाला येणार का असं विचारल्यावर काही नातेवाईक 'बघू, जमवतो' म्हणतात, तोच हा सूर. 'एन्जिनएक्स' या वेबसर्व्हरची विंडोज आवृत्ती याहून प्रामाणिक आहे. तिच्या कागदपत्रांत सरळ लिहिलं आहे की कामकरी प्रक्रिया हव्या तितक्या सुरू करा, पण प्रत्यक्षात काम त्यातली एकच करील. आमच्या कित्येक कार्यालयांत हीच व्यवस्था आहे, पण कुणी ती लिहून देत नाही.

या यंत्रांच्या सहवासात बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत झालं आहे. 'सपोर्टेड प्लॅटफॉर्म' या यादीचा यंत्रांशी फारसा संबंध नसतो, माणसांशी असतो. एखाद्या प्रोसेसरचं नाव यादीत आहे याचा अर्थ एवढाच की जगात कुठेतरी एका माणसाच्या घरी ते यंत्र आहे, ते अजून सुरू होतं, आणि घरच्यांनी ते अजून भंगारवाल्याला दिलेलं नाही.

याची सुरुवात थेट मूळपुरुषापासून आहे. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने जाहीर केलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितो आहे, निव्वळ हौस म्हणून. ती दुसऱ्या यंत्रांवर नेता येण्यासारखी नाही, आणि एटी हार्डडिस्कशिवाय दुसरं काही तिला बहुधा कधीच चालणार नाही, कारण माझ्याकडे तेवढंच आहे. बघा, कारण तांत्रिक नाही. माझ्याकडे तेवढंच आहे! पुढे नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले पाचशेच्या पाचशे लिनक्सवर चालू लागले आणि २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या 'इंजेन्युइटी' हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं. पण ज्या ३८६ प्रोसेसरवर हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्याचा आधार २०१२ च्या डिसेंबरात काढून टाकायचं ठरलं. २०१३ ची ३.८ ही आवृत्ती लिनसच्या स्वतःच्या त्या पहिल्या यंत्रावर सुरूच होत नाही. त्यावर आपण काही हळवे नाही आणि ब्याद गेली, अशा अर्थाचं त्याने लिहिलं. मंगळावर चालतं, पण मालकाच्या माळ्यावर चालत नाही.

सगळेच मात्र एवढे निर्मोही नसतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधलं 'हार्टब्लीड' हे भोक उघडकीला आलं. अर्ध्याअधिक इंटरनेटची कुलपं ज्या कोडवर होती तो सांभाळणारे हातावर मोजण्याइतके लोक होते, हे त्यानिमित्ताने जगाला कळलं. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी तो कोड उचलला, 'लिब्रेएसएसएल' नावाने वेगळी चूल मांडली आणि साफसफाईला सुरुवात केली. आत काय सापडावं? ओपनव्हीएमएस, ओएस/२, नेटवेअर, जुना मॅक, १६ बिटांचं विंडोज. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आपले विनीत' म्हणून जी यादी असते ना, तिच्यात अंथरुणाला खिळलेले आजोबा, अमेरिकेला गेलेला आणि पुन्हा न आलेला मामा, ज्यांच्याशी बोलणं नाही ते थोरले काका, सगळे असतात, कारण नाव गाळलं तर कोण बोलून घेणार? तसलीच ही यादी होती. पहिल्या आठवड्यातच नव्वद हजारांहून जास्त ओळी उडवल्या गेल्या. त्यातल्या काही तर इंटेलच्या ३८६ घराण्यातल्या अशा प्रोसेसरसाठी होत्या जो आकडे उलट्या क्रमाने साठवतो. त्या घराण्यात असा प्रोसेसर कधी झालेलाच नाही. म्हणजे विनीतांच्या यादीत एक गृहस्थ असे होते जे जन्मालाच आले नव्हते.

उलट्या क्रमावरून आठवलं. संगणकाच्या जगात आकड्याचं कुठलं टोक आधी ठेवायचं यावर फार जुना वाद आहे. मोठं टोक आधी ठेवणारे बिग-एंडियन, छोटं आधी ठेवणारे लिटल-एंडियन. डॅनी कोहेन यांनी ही नावं १९८० साली, १ एप्रिलचा मुहूर्त साधून, गलिव्हरच्या प्रवासातून उचलली. तिथे उकडलेलं अंडं कुठल्या टोकाने फोडायचं यावरून युद्धं होतात. आज इंटेल आणि एएमडी छोट्या टोकाचे आहेत, एआरएमही व्यवहारात छोट्याच टोकाचं, आणि आयबीएमचे मेनफ्रेम मोठ्या टोकाचे. इंटरनेटच्या पाकिटांवरचे पत्ते मात्र मोठं टोक आधी ठेवून लिहायचे असा दंडक आहे. त्यामुळे जगातला जवळजवळ प्रत्येक संगणक प्रत्येक पाकीट उघडताना आकडे उलटे करून वाचतो, जाताना पुन्हा उलटे करून लिहितो, आणि याबद्दल कुणी एक शब्द बोलत नाही.

तिसरीही एक जात होती. डिजिटल इक्विपमेंटच्या पीडीपी-११ यंत्रावर ३२ बिटांची मोठी संख्या धड सुलटीही नसे आणि धड उलटीही नसे. जोड्या सुलट्या क्रमाने, पण प्रत्येक जोडीतले दोघे उलटे. १, २, ३, ४ असं लिहायचं असेल तर ते २, १, ४, ३ असं साठवलं जाई. या प्रकाराला पाश्चात्त्य लेखकांनी चक्रमपणा म्हटलं आहे. मला त्यात काहीच चक्रम वाटत नाही. लक्ष्मी रोडवरच्या साड्यांच्या दुकानात २३४५ रुपयांचं बिल झालं तर दुकानदार काय म्हणतो? तेवीसशे पंचेचाळीस. तीन, वीस, शे; पाच, चाळीस. तीन-दोन-पाच-चार. जोड्या सुलट्या, जोडीतले दोघे उलटे. तंतोतंत पीडीपी-११! म्हणजे जी पद्धत अमेरिकेत पुढे मोडीत निघाली ती आपल्याकडे चौथीतलं पोर मिठाच्या पुडीपासून साडीपर्यंत बिनतक्रार वापरतं आहे. युनिक्स एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेताना पडद्यावर 'युनिक्स'ऐवजी 'न्युक्सी' उमटलं, हा या क्षेत्रातला आवडता किस्सा आहे. आपल्या दुकानदाराला तिथे बसवलं असतं तर त्याने बरोबर वाचलं असतं.

असो. एखादं सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर स्वतः कंपाइल करायला घेतलं की आधी 'कॉन्फिगर' नावाची एक लांबलचक स्क्रिप्ट धावते. ती यंत्राची उलटतपासणी घेते. सी भाषेचा कंपाइलर आहे का? आहे. तो चालतो का? चालतो. (हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो यातच सगळं आलं.) आणि सुरुवातीलाच एक प्रश्न असा असतो की भोवतालची परिस्थिती ताळ्यावर आहे का? उत्तर येतं, होय. खरं तर ती मुख्यतः यंत्राचं घड्याळ मागे तर पडलेलं नाही ना, एवढंच पाहते. पण रात्री अडीच वाजता, बंद पडलेल्या सर्व्हरपुढे, तिसरा चहा घेत बसलेल्या माणसाला कुणीतरी एवढं विचारतं आणि स्वतःच 'होय' म्हणतं, हे काही कमी नाही. त्याच तपासणीत यंत्राची ओळखही लिहिली जाते. त्यात यंत्र कुणी बनवलं याचा एक रकाना असतो. काही लाख रुपये मोजून, तीन कोटेशनं मागवून, खरेदी समितीच्या सह्या घेऊन आणलेल्या सर्व्हरसाठीही त्या रकान्यात बरेचदा 'अननोन' एवढंच उमटतं. विक्रेत्याला दाखवू नये.

आता हट्टी माणसांकडे वळू. नेटबीएसडी नावाची एक ऑपरेटिंग सिस्टीम आहे. 'अर्थातच, यावर नेटबीएसडी चालतं' हे तिचं ब्रीद. व्हॅक्सवर चालते, अमिगावर चालते, सेगाच्या खेळण्याच्या डब्यावर चालते. २००५ साली एका अमेरिकी कंपनीने ती चक्क टोस्टरमध्ये बसवून प्रदर्शनात मांडली. टोस्टरमध्ये सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम कशाला, असा प्रश्न विचारणाऱ्याला ही जमात कळलेलीच नाही. त्यांना विचारायचा प्रश्न एकच असतो: कुठल्या टोस्टरमध्ये अजून बसलेली नाही?

पोस्टग्रेस या डेटाबेसची मंडळी जास्त पद्धतशीर. त्यांनी हट्टी माणसांची चक्क शेती केली आहे आणि तिचं नावही 'बिल्डफार्म' आहे. जगभरचे स्वयंसेवक आपापली यंत्रं त्यात जोडतात. नवा कोड आला की ही यंत्रं तो उतरवून घेतात, बांधतात, तपासतात आणि निकाल कळवतात. प्रत्येक यंत्राला एका प्राण्याचं नाव असतं. 'प्रेअरीडॉग' नावाचा एक म्हातारा पॉवरपीसी मॅक वर्षानुवर्षं त्या कळपात होता. त्यामुळे या लोकांच्या गंभीर तांत्रिक चर्चाही पशुवैद्यकीय दवाखान्यासारख्या वाटतात. काल रात्रीपासून अमका प्राणी लाल झाला आहे, तमका हिरवा आहे पण मंद आहे. आणि ज्या जातीचा प्राणी सांभाळायला कुणी उरत नाही ती जात यादीतून जाते. सोळाव्या आवृत्तीत एचपी-यूएक्स गेलं, २०२४ च्या सतराव्या आवृत्तीत आयबीएमचं एआयएक्स गेलं. एआयएक्सवर बँका चालतात, पण यादीत राहायला बँक पुरत नाही. रात्री उठून लाल प्राण्याकडे बघणारं माणूस लागतं.

ज्यामागे असा माणूस नाही आणि फक्त भांडवल आहे, त्याचं काय होतं याचं उदाहरण म्हणजे इटॅनियम. इंटेल आणि एचपी यांनी मिळून उभारलेला, २००१ मध्ये बाजारात आलेला, सर्व्हरचं भविष्य म्हणून गाजावाजा झालेला प्रोसेसर. जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर रखडत चाले आणि नवं फारसं कुणी लिहीना. चेष्टेखोरांनी त्याचं नाव 'इटॅनिक' ठेवलं. २०२१ मध्ये शेवटचा माल बाहेर पडला आणि जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.७ मधून त्याचा कोड काढून टाकला गेला. दोन बलाढ्य कंपन्यांचा प्रोसेसर लिनक्सच्या कर्नलमधून, म्हणजे गाभ्यातून, गेला. त्याच कर्नलमध्ये अमिगा आणि अटारीवाल्या मोटोरोला ६८००० घराण्याचा कोड मात्र टिकून आहे, कारण डेबियन या लिनक्स वितरणाने २००७ मध्ये त्या घराण्याला अधिकृत यादीतून काढलं तरी त्याची हौशी मंडळी हलली नाहीत.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या आयुष्याचं गणितही असंच आहे. रेड हॅट कंपनीच्या लिनक्सची फुकट प्रतिकृती म्हणून सेंटओएस लाखो सर्व्हरवर होतं. आठवी आवृत्ती २०२९ पर्यंत टिकणार म्हणून शहाण्या, वक्तशीर, वेळेवर कामं उरकणाऱ्या प्रशासकांनी सातवरून आठवर स्थलांतर केलं. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीस संपेल. सातवी मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालू राहिली. म्हणजे 'करू पुढच्या महिन्यात' म्हणत ज्यांनी काहीच केलं नाही ते अडीच वर्षं जास्त निवांत झोपले. आळसाचा एवढा रोख मोबदला दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. पण त्यांनी गाठलंच.

"काय हो, तुम्ही सर्व्हरवाले ना? ते लिनक्स फुकट असतं म्हणे."

"हो काका."

"मग चालेलच की आपल्या कॉम्प्युटरवर."

फुकटच्या वस्तूला नखरे नसतात, या सिद्धान्तावर त्यांची अढळ श्रद्धा. त्यांचा कॉम्प्युटर म्हणजे मुलगा बारावीत असताना घेतलेला कोअर टू ड्युओ, दोन जीबी मेमरी, वर भरतकामाचं आच्छादन. त्यावर देखभाल वर्गणी, टँकरचा हिशेब आणि पार्किंगच्या नोंदी ठेवायच्या होत्या. त्यांचा पुतण्या संगणक शाखेत शिकतो. त्याने ठणकावून सांगितलं, "काका, मोंगोडीबी टाका."

मी त्याला मोंगोडीबी या डेटाबेसची अट वाचून दाखवली. पाचव्या आवृत्तीपासून त्याला प्रोसेसरमध्ये 'एव्हीएक्स' हा आज्ञांचा संच लागतो. तो इंटेलने २०११ मध्ये आणला, म्हणजे काकांच्या कॉम्प्युटरनंतर. (२०१८ मध्ये परवाना बदलल्यापासून त्याला ओपन सोर्स म्हणावं की नाही, यावरही मंडळी हमरीतुमरीवर येतात, पण तो विषय मी काकांपुढे काढला नाही.) पुतण्या म्हणाला, मग माझ्या लॅपटॉपवर टाकू, तो २०१९ चा आहे. तो होता सेलेरॉन. इंटेल स्वस्तातल्या सेलेरॉन आणि पेंटियमवर कित्येक वर्षं एव्हीएक्स बंद ठेवूनच विकत होतं. म्हणजे २०१३ चा आय-फाइव्ह पास आणि २०१९ चा सेलेरॉन नापास. इथे वय बघत नाहीत, घराणं बघतात. पुतण्याला हा अन्याय वाटला. रेड हॅटच्या नवव्या आवृत्तीला कोअर टू ड्युओ चालत नाही आणि दहावीला तर २०१३ च्या आधीचं जवळजवळ काहीच चालत नाही, हे ऐकून त्याचा चेहरा आणखी पडला.

राहिलं डेबियन. ते ६४ बिटांच्या सगळ्यांत जुन्या इंटेल-एएमडी प्रोसेसरलाही अजून नाही म्हणत नाही. पूर्वी त्याचीही एक खोड होती. तत्त्व म्हणून बंदिस्त फर्मवेअर सोबत द्यायचं नाही, असा बाणा. त्यामुळे बसवताना मध्येच विचारणा होई की तुमच्या नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर मिळत नाही, ते उतरवून घ्या. कुठून? इंटरनेटवरून. इंटरनेट कशावरून? नेटवर्क कार्डावरून. या चक्रात अडकलेली माणसं शेजाऱ्यांकडे पेनड्राइव्ह मागत फिरत. २०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी रीतसर मतदान करून हे सोडवलं आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर आतच येऊ लागलं. तत्त्वाला मुरड घालण्यासाठीही त्यांनी मतदान घेतलं, हे मला फार आवडतं. आमच्या सोसायटीत गच्चीच्या किल्लीसाठीही एवढं झालेलं नाही.

मध्येच पुतण्याने डॉकरचं नाव काढलं. सॉफ्टवेअरबरोबर त्याचा सगळा संसार एका डब्यात बांधून पाठवायचा, म्हणजे 'माझ्याकडे तर चालतं' हे वाक्यच संपेल, असा २०१३ सालचा तो वायदा. २०२० च्या अखेरीस ॲपलचे एआरएम लॅपटॉप आले, लोकांनी त्यावर डबे भरले, इंटेलच्या सर्व्हरवर पाठवले आणि डबा उघडेना. 'एक्झेक फॉरमॅट एरर' एवढं लिहून सर्व्हर गप्प. वाक्य काही संपलं नाही, फक्त लॅपटॉप महाग झाले.

तर डेबियन आणि पोस्टग्रेस बसलं. कोअर टू ड्युओचा पंखा रिक्षा चढणीला लागल्यासारखा ओरडू लागला, पण टँकरचा हिशेब पडद्यावर आला. काकांनी आच्छादनाची घडी केली, ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "पावती छापून निघेल ना?"

त्यांनी कोपऱ्यातल्या प्रिंटरकडे बोट दाखवलं. मी त्याचं नाव वाचलं. त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर कंपनीने दिलेला, बंदिस्त, फक्त ३२ बिटांसाठी, आणि शेवटचा कधी सुधारला होता ते बघून मी ती खिडकी बंद केली. काकांचं लक्ष दुसरीकडे वळवावं म्हणून मी त्यांना सांगायला लागलो की ही मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळच मुळी एका प्रिंटरवरून पेटली. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटीमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की तो कुणाला कळवायचा नाही. स्टॉलमन यांना तो प्रोग्रॅम सुधारायचा होता, पण ज्याच्याकडे कोड होता त्याने गुप्ततेचा करार दाखवून हात वर केले.

काका पुढे सरकून ऐकत होते. "मग? मिळाला का शेवटी?"

"नाही ना. १९८३ मध्ये त्यांनी जाहीर केलं की मी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच नव्याने लिहितो, सगळ्यांना मोकळी. नंतर नोकरीही सोडली. त्यातूनच पुढे हे सगळं उभं राहिलं, आपलं हे डेबियनसुद्धा."

"ते झालं हो," काका म्हणाले. "प्रिंटरचं काय झालं?"

मी काही बोलत नाही असं पाहून त्यांनी पुतण्याला हाक मारली आणि अप्पा बळवंत चौकातून दोन पावतीपुस्तकं आणायला पाठवलं, कार्बनसकट.